गोलच्या मागची जागा

आत्याला सख्खी भाची एकच होती, पण लॅक्रॉसच्या मैदानावर तिला आत्या म्हणणाऱ्या पोरींची एक पलटणच होती. पहिल्या दिवशी भाचीने सगळ्यांदेखत "आत्या, माझी स्टिक कुठाय?" असं ओरडून विचारलं आणि तिथेच सगळं ठरून गेलं. कोच, मॅडम, बाई ही सगळी पदं त्या एका हाकेत वाहून गेली. बाकीच्या पोरी सुरुवातीला बिचकत "आत्या, तुम्ही" म्हणायच्या, पण आठवडाभरात त्याही "आत्या, तू" वर आल्या. तिचं काही बिघडलं नाही. मान हवा असेल तर त्यासाठी चष्म्याचं दुकान होतंच, तिथे गिऱ्हाइकं तिला अहो-जाहो करत.

त्या दुकानात ती दिवसभर फ्रेममध्ये काचा बसवायची. गरम हवेच्या झोताखाली फ्रेम धरायची, प्लास्टिक नरम पडलं की काच एका कडेने आत सरकवायची आणि दुसरी कड अंगठ्याने दाबून बसवायची. घाई केली तर काच तडकते, उशीर केला तर फ्रेम पुन्हा कडक होते. हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती हेच करत बसली होती, आणि दारातून दादा आत आला.

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, क्लबचा संस्थापक, अध्यक्ष आणि सामानाच्या खोलीची किल्ली कमरेला लावून फिरणारा एकमेव माणूस. त्याच्या डोळ्यांना नंबर नव्हता. तरी दुकानात आला की तो एखादी फ्रेम उचलून नाकावर चढवायचा आणि आरशात स्वतःला निरखायचा. आजही त्याने जाड काळी फ्रेम चढवली.

"उद्याचं काय ठरवलंयस?" त्याने आरशालाच विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? खेळायचं."

"तसं नाही. भिंगरी कुठे उभी राहणार?"

"कुठेच उभी राहणार नाही. पळणार."

भिंगरी म्हणजे त्याची मुलगी, तीच ती सख्खी भाची. बॉल घेऊन अशी गिरकी मारायची की समोरची बचाव करणारी पोरगी दुसऱ्याच दिशेला धावत सुटायची. संघातली सगळ्यात तरबेज पोरगी तीच, याबद्दल भाऊबहिणीत दुमत नव्हतं. भांडण होतं ते तिचं करायचं काय यावर.

ज्यांनी लॅक्रॉस कधी पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. हातात जाळी लावलेली लांब काठी, जाळीत छोटा कडक बॉल, तो झेलायचा, फेकायचा आणि गोलमध्ये मारायचा. गंमत अशी की इथला गोल मैदानाच्या टोकाला नसतो. तो चांगला आत असतो आणि त्याच्या मागेही मैदान असतं. मागे उभं राहूनही खेळता येतं. हल्ला करणाऱ्या सहाजणी गोलभोवती पसरतात. आत्या त्यांना दोन-तीन-एक अशी उभी करायची: दोघी समोर, तिघी मधे आडव्या आणि एक गोलच्या मागे. पण ही झाली फक्त सुरुवात. बॉल दुसरीकडे टाकला की टाकणारीने थांबायचं नाही, गोलकडे घुसायचं. तिची रिकामी जागा शेजारचीने भरायची, शेजारचीची तिच्या शेजारचीने. सहा जागा, सहा पोरी, आणि कुठलीच जागा कुणाच्या नावावर नाही. आत घुसलेली तशीच पुढे जाऊन गोलच्या मागे निघायची, म्हणजे मागची जागाही पाळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला यायची.

दादाच्या पोटात दुखायचं ते इथेच.

"माझी पोरगी गोलच्या मागे उभी राहून काय माशा मारणार?" तो म्हणाला. "तिला समोर ठेव, मधोमध. बॉल तिला दे. बाकीच्यांना सांग बाजूला व्हा. आम्ही खेळायचो तेव्हा..."

"तुम्ही नाही, तू खेळायचास. बाकीचे बघायचे."

"आणि जिंकायचो!"

"कधी कधी," आत्या म्हणाली आणि काच फ्रेममध्ये दाबली.

दादा जुना गडी होता हे खरंच. घरामागच्या पटांगणात तो तासन्‌तास गोलवर बॉल मारत बसायचा आणि धाकट्या बहिणीला मागे उभी करायचा, हुकलेले बॉल आणायला. तिचं सगळं लहानपण त्या जाळीच्या मागे गेलं. त्याला वाटायचं ती हरकामी आहे, पण ती बघत असायची. समोरून खेळणाऱ्याला गोल दिसतो आणि पाठी दिसतात. मागे उभं राहिलं की सगळ्यांचे चेहरे दिसतात. कोण दमलंय, कोण घाबरलंय, कोण डाव्या बाजूला जाणार म्हणून आधीच डावीकडे बघतंय, सगळं. त्यात एक नियमही होता जो दादाला कधी महत्त्वाचा वाटला नाही. शॉट हुकून बॉल मागच्या रेषेबाहेर गेला, तर तो दुसऱ्या संघाला आपोआप मिळत नाही. बॉल बाहेर जाताना त्याच्या सगळ्यात जवळ जी असेल, तिच्या संघाला मिळतो. म्हणून मागे आपली एक पोरगी हवीच. ती तिथे असली तर हुकलेला शॉट वाया जात नाही, ती नसली तर सगळ्यांची मेहनत पाण्यात.

दादाने फ्रेम काढून काउंटरवर ठेवली.

"हे बघ, उद्या हरलात तर आपण खालच्या गटात. कमिटीचं ठरलंय. हरलीस तर पोरी मी शिकवणार."

"कमिटी म्हणजे कोण? तू आणि वहिनी?"

"वहिनी खजिनदार आहे."

"तिला विचारलंस?"

दादाने फ्रेम पुन्हा उचलली. "मी थट्टा करत नाहीये. संघ तुझ्या हातात राहावा असं वाटत असेल तर पोरीला समोर ठेव."

आत्याने पुढची फ्रेम झोताखाली धरली. दुकान काय, उद्या बंद पडलं तर दुसरं मिळेल. पोरी दुसऱ्या मिळणार नव्हत्या. स्वतःच्या डोक्यातला खेळ दुसऱ्यांच्या पायांतून धावताना बघायचा, हे एवढं एकच सुख तिला आयुष्यात कुणी न देता मिळालं होतं. आणि ते राखायचं असेल तर दादाच्या पद्धतीने जिंकायला हवं होतं. म्हणजे मग राखलं तरी काय?

"उद्या संध्याकाळपर्यंत संघ माझा आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मग संध्याकाळी ये. आणि ती फ्रेम जागेवर ठेव, बोटांचे ठसे उमटतात."

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. समोरचा संघ अंगापिंडाने दांडगा होता. त्यांच्या बचावातल्या पोरी दोन-दोन, तीन-तीन मिळून एकीवर धावून यायच्या. पण कुणावर धावून जायचं हेच त्यांना कळेना. भिंगरी समोर दिसली म्हणून तिघी तिच्याकडे झेपावल्या, तर बॉल केव्हाच डावीकडे गेलेला आणि भिंगरी त्यांच्या मधून घुसून गोलच्या मागे पोचलेली. तिने मागून बॉल पुढे टाकला आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या पोरीने गोल मारला. आत्या बाकाजवळ हाताची घडी घालून उभी होती. बॉल खेळात असताना ओरडायचं नाही हा तिचा दंडक होता. पोरींनी एकमेकींकडे बघायला हवं, कोचच्या तोंडाकडे नाही.

दादा मात्र कठड्याला रेलून अखंड बोलत होता. "बॉल तिला द्या! अरे, तिला द्या ना!"

आत्याचं आणखी एक खूळ होतं आणि त्यावरून क्लबात तिच्या नावाने खडे फोडले जायचे. सहापैकी तिघी हल्ल्यात कायम असायच्या, भिंगरी त्यांतली. उरलेल्या तिघी साऱ्या मैदानभर पळायच्या, म्हणून त्यांना तुकडीतुकडीने बदलायला लागायचं. तिच्याकडे अशा तीन तुकड्या होत्या, आणि त्या ती आळीपाळीने आत सोडायची. स्कोअर काहीही असो, पाळी म्हणजे पाळी. शेवटाला चांगल्या तुकडीला ठेवायचं आणि कच्चीला बाकावर बसवायचं, हे तिला जमायचं नाही. पोरीला अटीतटीच्या वेळी कधी सोडलंच नाही तर ती अटीतटीचं शिकणार कधी, असं ती म्हणायची. आणि तिसऱ्या तुकडीत निवांत नावाची एक पोरगी होती.

निवांत म्हणजे नावाप्रमाणेच. पळायची ती पण शेजाऱ्याकडून विसरलेली छत्री आणायला निघाल्यासारखी. पोरी चिडवायच्या आणि ती हसायची. पण जागा मात्र ती कधी चुकायची नाही. उशिरा पोचेल, पण बरोबर जागीच पोचेल.

सामन्याचा शेवट जवळ आला तेव्हा आत्याच्या पोरी एका गोलने मागे होत्या. बॉल त्यांच्याकडे होता. आत्याने टाइम-आउट मागितला. पोरी घामाने निथळत भोवती गोळा झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग दादा कठडा ओलांडून घोळक्यात घुसला.

"ऐका," तो म्हणाला. "तिसरी तुकडी बाहेर. पहिल्या तुकडीतल्या तिघी आत या. भिंगरी समोर, मधोमध. बॉल तिला द्यायचा आणि बाजूला व्हायचं. एवढंच."

पोरी आत्याकडे बघू लागल्या. पहिल्या तुकडीतल्या एकीने तर हेल्मेट चढवायला सुरुवात केली. निवांतने आपली स्टिक खाली टेकवली. तिच्या तोंडावर राग नव्हता. असंच होणार हे तिने गृहीत धरलेलं होतं, आणि आत्याला तेच सहन झालं नाही.

"पाळी कुणाची आहे?" आत्याने विचारलं.

हेल्मेट चढवणारीने हात थांबवला.

"विचारतेय मी. पाळी कुणाची?"

"आमची," निवांत हळूच म्हणाली.

"मग स्टिक उचल."

"अगं, तू शुद्धीवर आहेस का?" दादाचा आवाज चढला. "संघ जाईल तुझ्या हातून!"

"जाऊ दे. पण गेला तर माझ्या पद्धतीने जाईल. तुझ्या पद्धतीने राहिलेला संघ मला नको." तिने पोरींकडे बघितलं. "दोन-तीन-एक. बॉल टाकला की घुसायचं. शेजारची गेली की तिची जागा भरायची. नवीन काही नाही. जा."

पोरी गेल्या. दादा गेला नाही. तो रेषेलगतच उभा राहिला.

आणि त्या सुंदर खेळल्या, हे सांगायलाच हवं. त्या काही क्षणांत कुणीच जागेवर उभं नव्हतं. बॉल डावीकडून समोर, समोरून उजवीकडे आला. दोघीजणी घुसल्या, त्यांच्या जागा भरल्या गेल्या. भिंगरी आत शिरून गोलच्या मागे पोचली, पाळीप्रमाणे. समोरच्या संघाचा बचाव भोवंडून गेला. उजव्या बाजूला मोठी फट पडली, आणि त्या फटीत नेमकी कोण असावी, तर निवांत. उशिरा पोचली होती, पण पोचली होती. बॉल तिच्या जाळीत आला. समोर कुणी नव्हतं. तिने हात मागे नेला.

"वर ये!" दादा ओरडला. "भिंगरी, वर ये! बॉल माग!"

बापाचा आवाज तो. लहानपणापासून त्या आवाजाला ओ द्यायची सवय. भिंगरी मागची जागा सोडून गोलच्या बाजूने वर धावली. निवांतने शॉट मारला. बॉल खांबाला घासून मागे गेला, गवतावरून उड्या मारत रेषेकडे निघाला, आणि तिथे कुणीच नव्हतं. समोरची गोलरक्षक पोरगी आपल्या रुंद जाळीची स्टिक पुढे धरून त्याच्यामागे झेपावली. बॉल बाहेर गेला तेव्हा ती सगळ्यात जवळ होती. पंचाने हात दुसऱ्या दिशेला केला. थोड्याच वेळात सामना संपला.

लोकांनी बघितलं ते एवढंच, की निवांतचा शॉट हुकला. कठड्याजवळचे चुकचुकले. निवांत आत्याजवळ आली.

"आत्या, माझी जागा चुकली नव्हती ना?"

"नाही. तू जिथे हवी होतीस तिथेच होतीस."

"शॉट चुकला."

"शॉट चुकतात ग. सगळ्यांचे चुकतात."

भिंगरी थोड्या अंतरावर हेल्मेट हातात घेऊन उभी होती. तिने हे ऐकलं आणि मान खाली घातली. मग दादा आला, आणि त्याचा चेहरा दुःखी होता की समाधानी हे सांगणं कठीण होतं.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्या पोरीच्या हातात सामना दिलास."

आत्याचं डोकं फिरलं. ती आवाज न चढवता बोलली, आणि ज्यांना ती ठाऊक होती ते सगळे दोन पावलं मागे सरकले.

"शॉट हुकणार म्हणूनच मागे एक माणूस ठेवतात, दादा. आमचं माणूस तिथे होतं. ते तू वर बोलावलंस."

"माझ्या पोरीवर ढकलू नकोस!"

"पोरीवर ढकलतच नाहीये. तुझ्यावर ढकलतेय. सगळ्यांसमोर ढकलतेय, म्हणजे नंतर ऐकलं नाही म्हणायला नको."

दादा लालबुंद झाला. "उद्यापासून संघ माझा," एवढं बोलून तो किल्ल्या वाजवत निघून गेला. जाताना त्याने मुलीला हाक मारली, आणि ती त्याच्या मागोमाग गेली. आत्याने तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने सगळ्यांच्या फोनवर निरोप टाकला: सराव बंद, नवीन वेळापत्रक कळवण्यात येईल, आदेशावरून अध्यक्ष. स्टिक, बॉल, हेल्मेट, सगळं सामानाच्या खोलीत गेलं आणि खोलीला नवं कुलूप लागलं. आत्यालाही निरोप आला. तिने तो वाचला, फोन बॅगेत टाकला, दुकानातून नेहमीच्या वेळी निघाली आणि नेहमीच्या वेळी मैदानावर पोचली.

तिने कुणाला बोलावलं नव्हतं. कुणी येईल असंही धरून चालली नव्हती. खरं सांगायचं तर ती नुसती हट्टाने आली होती. घरी बसली असती तर त्याचा अर्थ तिने मान्य केलं असा झाला असता, आणि तसं ती जिवात जीव असेपर्यंत होऊ देणार नव्हती. पण गोलच्या खांबाला टेकून निवांत बसली होती. जन्मात पहिल्यांदा ती वेळेआधी आली होती. मागोमाग एक आली, मग आणखी तिघी. बाकीच्यांचा पत्ता नव्हता. पाचजणी, ट्रॅकपँट घातलेल्या, रिकाम्या हातांच्या.

सामानाच्या खोलीच्या दाराशी दादा उभा होता. जणू पोरी कुलूप फोडायलाच येणार होत्या आणि तो पहाऱ्यावर होता. त्याच्या शेजारी भिंगरी.

"सराव बंद आहे," तो तिथूनच ओरडला. "निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला," आत्या म्हणाली.

"मग मैदानावर काय करताय?"

"संध्याकाळी इथे म्हातारी माणसं पाय मोकळे करायला येतात. त्यांना विचारतोस का कधी?"

एका पोरीला हसू फुटलं. आत्या त्यांच्याकडे वळली.

"स्टिक नाही," निवांत म्हणाली. "बॉल पण नाही."

"बॉल नाही, म्हणजे बॉल कुणाकडे येतो त्याची वाट बघत उभं राहायला नको. दोन-तीन-एक. चला."

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. मग पसरल्या. पहिली गोलकडे घुसली, शेजारचीने तिची जागा भरली, तिच्या शेजारचीने तिची. हात रिकामे असल्यामुळे सुरुवातीला लाजल्यासारख्या पळत होत्या. दोन फेऱ्यांनंतर लाज गेली. बॉलकडे बघायचं नसल्यामुळे त्या पहिल्यांदाच एकमेकींकडे बघत होत्या, सारखं, मान वळवून, डोळ्यांत डोळे घालून. इतकं नीट फिरणं आत्याने आपल्याच पोरींकडून आजवर बघितलं नव्हतं. तिला भरून आलं आणि रागही आला, की हे तिला आधी का नाही सुचलं.

पण सहा जागांना पाचजणी. कुठेतरी भोक राहायचंच. ते भोकही त्यांच्याबरोबर फिरत होतं, आता डावीकडे, आता समोर. गोलच्या मागे आलं की मात्र तिथेच अडायचं. पुढच्या पोरी पोचेपर्यंत उशीर व्हायचा, आणि सगळी फिरकी लंगडायची. निवांत जीव तोडून तिथे धावत होती. तिला तसं धावताना कुणी पाहिलं नव्हतं. तरी कमी पडत होती.

"बॉलशिवाय कसला खेळ?" दादा म्हणाला. पोरी फिरतच राहिल्या, म्हणून त्याने तेच पुन्हा म्हटलं, या वेळी मुलीला. "सांग ना, बॉलशिवाय कसला खेळ?"

भिंगरीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती गोलकडे बघत होती.

"बाबा, मागे कुणी नाहीये," ती म्हणाली. घरात कुठेतरी नळ चालू राहिलाय असं सांगावं, तशी.

"नसू दे. थांब इथे."

ती थांबली. एक फेरी झाली. निवांत पुन्हा उशिरा पोचली.

"थांब म्हणतोय ना मी!"

पण तोवर ती निघाली होती. मैदान आडवं कापत, तोंडाने काही न बोलता, ती गोलच्या मागे जाऊन उभी राहिली. लगेच घुसणारीकडे तिने मान वळवली, वळसा घालून वर गेली आणि निवांत तिच्या जागी मागे आली, या वेळी अगदी वेळेत. सहाही जागा भरल्या. आत्याने भाचीचं कौतुक केलं नाही, तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिला तोंड उघडायची भीती वाटत होती. फक्त "डावीकडची, लवकर," एवढंच ती म्हणाली, आणि तेही आवाज घोगरा करून.

दादा चार पावलं पुढे आला. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो बोटाने एकेक किल्ली उगाच सरकवत होता.

"कुलूप मी काढणार नाहीये," तो म्हणाला. "सांगून ठेवतो."

"मागितलंय कुणी?" आत्या म्हणाली, आणि पोरींना उलट्या दिशेने फिरायला सांगितलं.